डबा संपवण्याची सक्ती आणि मुलांची जीभ

मधल्या सुट्टीत डबा पूर्ण संपवल्याशिवाय वर्गाबाहेर जायचे नाही, हा आपल्या शाळेचा जुना नियम आहे. अन्न वाया जाऊ नये, आईने पहाटे उठून केलेली भाजी तशीच घरी परत जाऊ नये, मुलांना सर्व भाज्यांची सवय लागावी, हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण गेल्या सत्रात प्राथमिक विभागातली एक मुलगी घंटा होईपर्यंत कोबीच्या भाजीचा डबा समोर घेऊन बसलेली आम्ही पाहिली. ती रडत नव्हती. भाजी थोडी थोडी करून पोळीखाली दडवत होती. बाई तिला समजावत होत्या, "अगं, कडू कुठे आहे? मी खाऊन पाहिली ना!"

बाई खोटे बोलत नव्हत्या. आणि आमच्या मते ती मुलगीही खोटे बोलत नव्हती. दोघी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे सांगावे आणि त्यावरून शाळेच्या नियमाबद्दल दोन शब्द बोलावेत, म्हणून हा लेख.

विद्यार्थी मित्रांनो, गोष्ट १९३१ सालची आहे. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी पूड बाटलीत भरत होते. थोडी पूड हवेत उडाली. शेजारी काम करणारे सहकारी म्हणाले, "काय कडू आहे हे!" फॉक्स पुडीच्या अधिक जवळ होते, पण त्यांना कसलीच चव लागली नाही. त्यांनी मुद्दाम जिभेवर ठेवून पाहिली, तरी नाही. दोघांचा चांगलाच वाद झाला. मग फॉक्स यांनी दिसेल त्याला ती पूड चाखायला दिली, तेव्हा काहींना ती कडूजहर लागली आणि काहींना खडूसारखी बेचव. त्या पुडीचे नाव फिनाइलथायोकार्बामाइड. नाव पाठ करायची गरज नाही, शास्त्रज्ञसुद्धा पीटीसी एवढेच म्हणतात.

हा फरक घराण्यातून उतरतो हे लवकरच कळले. मग जगभर ही चव तपासण्याची जणू लाटच आली आणि ती आपल्याकडेही पोहोचली. मुंबईत डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांतील आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास करून १९४९ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यात रक्तगटांबरोबर पीटीसीची चवही तपासली होती. चव कळणारे आणि न कळणारे, दोन्ही प्रकारचे लोक सर्व गटांत असतात, प्रमाण तेवढे कमीजास्त. म्हणजे कोणा एका जातीची जीभ वरचढ आणि दुसरीची बोथट असा प्रकार नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "आमच्यात कोणी कारले खात नाही" असे बोलणे आपल्याकडे फार ऐकू येते.

पुढे २००३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका गटाला या फरकामागचे जनुक सापडले. त्याला टीएएस२आर३८ म्हणतात. ते सातव्या गुणसूत्रावर असते. कडू चव ओळखणारे ग्राहक, म्हणजे जिभेवरची कुलुपेच म्हणा ना, माणसात सुमारे पंचवीस प्रकारचे आहेत. हे जनुक त्यातले एक कुलूप बनवते. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ढोबळमानाने एक प्रत 'जाणणारी' आणि एक 'न जाणणारी' असते. दोन्ही प्रती जाणणाऱ्या असतील तर कडवटपणा जोरात लागतो, एक असेल तर मध्यम, एकही नसेल तर जवळपास लागतच नाही. आता गणित करून पाहा. आई आणि वडील दोघांकडेही एकेक प्रकारची प्रत असेल, तर त्यांच्या चार मुलांत सरासरीने एकाला चव अजिबात कळणार नाही, एकाला ती फार कळेल आणि दोघे अधलेमधले. एकाच ताटात जेवणारी सख्खी भावंडे, एक कोबी मागून घेते आणि दुसरे तोंड वाकडे करते, यात लाडाचा किंवा वळणाचा प्रश्न असेलच असे नाही.

पीटीसी काही भाजीत नसते. पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीचा पाला या एकाच कुळातल्या भाज्यांत गंधक असलेली जी द्रव्ये असतात, त्यांतली काही याच कुलुपाला बसतात. कारल्याचा, मेथीचा आणि कडुनिंबाचा कडूपणा मात्र वेगळ्या द्रव्यांचा आहे, त्यांची कुलुपे मुख्यतः दुसरी. त्यामुळे कोबी नको म्हणणारे मूल कारले आनंदाने खाऊ शकते, आणि "कारले खातोस, मग कोबीला काय झाले?" हा आपला बिनतोड वाटणारा सवाल तितकासा बिनतोड नाही. कोथिंबिरीचे तर आणखी निराळे. काही लोकांना ती साबणासारखी लागते. २०१२ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्याचा संबंध चवीच्या नव्हे, वास ओळखणाऱ्या जनुकाशी असल्याचे दिसले. त्याच वर्षी कॅनडातल्या दुसऱ्या एका पाहणीत भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांपैकी शंभरात सात तरुणांना कोथिंबीर आवडत नसल्याचे आढळले. सात म्हणजे फार नाहीत. पण चाळीसच्या वर्गात दोन-तीन मुले झालीच, आणि पोह्यांवरची कोथिंबीर वेचून बाजूला ठेवणारी दोन-तीन मुले प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक असतात.

(जनुकांची गंमत बघा, मांजराला गोड चव लागतच नाही. गोड ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मांजराच्या कुळात बिघडलेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. आपल्या साखर कारखान्याच्या आवारात हिंडणाऱ्या मांजरांना त्या सगळ्या साखरेचे काहीच अप्रूप नाही.)

आता कोबीचा डबा घेऊन बसलेल्या त्या मुलीकडे येऊ. २००५ साली फिलाडेल्फिया येथील संशोधक ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले आणि त्यांच्या आया यांची कडू चव एकत्र तपासली, जनुकेही पाहिली. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची एकेक प्रत होती, त्यांच्यात एक गोष्ट लक्षात आली. जनुक तेच, पण आईला जो कडूपणा जाणवत नव्हता तो मुलांना जाणवत होता. वय वाढते तशी ही जाणीव सौम्य होत जाते. म्हणजे बाईंनी चाखून पाहिले आणि त्यांना भाजी कडू लागली नाही, एवढ्यावरून मुलीला ती कडू लागत नाही असे ठरत नाही. मोठ्यांची जीभ हे मुलांच्या जिभेचे माप नव्हे.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते. कडू जास्त लागणारी मुले साखरही जास्त पसंत करत होती. मुलांमध्ये हा संबंध जनुकाशी दिसत होता. आयांमध्ये मात्र गोडाची आवड जनुकावर ठरत नव्हती, त्या कोणत्या समाजात, कोणत्या खाण्यात वाढल्या यावर ती अधिक अवलंबून होती. म्हणजे सुरुवातीला जीभ बोलते आणि पुढे हळूहळू घर बोलू लागते. या मधल्या वर्षांतली बरीचशी मुले शाळेत आपल्या हाती असतात.

घर कसे बोलते हे चलथाणच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. सुरत-भुसावळ रेल्वेलाइनने आपली वाडवडील मंडळी खानदेशातून इकडे आली, ती काळा मसाला, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आली. इथे शेजारी गूळ घातलेली डाळ. पहिल्या पिढीला ती पानात चालत नसे, "ही काय गोड आमटी!" म्हणत. आज आपल्याच घरातली मुले लग्नाच्या पंगतीत तीच गोड डाळ वाटीभर मागून घेतात आणि घरच्या शेवभाजीला "तिखट आहे" म्हणून नाक मुरडतात. तीन पिढ्यांत कोणाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते ताट. आम्ही गोड डाळीच्या विरुद्ध नाही, आम्हीही ती चवीने खातो. सांगायचे एवढेच, की जनुकाने जिभेला कल दिला तरी सवयीने तो बराच वळतो, आणि तो कुठल्याही दिशेला वळू शकतो. आपल्याकडे तो साखरेकडे वळणे फार सोपे आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की गावावर रसाचा वास पसरलेला असतो, रसवंत्या भरलेल्या असतात, आणि वर्गात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, म्हणजे चॉकलेट आलेच. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावायला सांगितले. फलक लावायला हरकत नाही, पण फलकाखाली चॉकलेट वाटणे थांबले नाही तर मुले त्यातून नेमके काय शिकतील, याचा विचार आपणच करायचा आहे.

आता काही पालक म्हणतील, "जनुकातच असेल तर आम्ही काय करणार? नाही खात म्हणजे नाही खात." हे आम्हांला मुळीच मान्य नाही. २००७ साली इंग्लंडमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. नवीन पदार्थ चाखायला बिचकणे हे मुलामुलांत कमीजास्त का असते, तर त्यातला सुमारे ७८ टक्के फरक आनुवंशिकतेने समजावता येतो, असे त्यात दिसले. हा आकडा ऐकून हात टेकू नयेत. मुलामुलांतला फरक आनुवंशिक असणे आणि एखाद्या मुलाची आवड कायमची ठरलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची आनुवंशिक असते, तरी नीट खायला मिळाले तर मुले आईवडिलांपेक्षा उंच होतातच. शिवाय कडू जाणणारे प्रत्येक मूल भाज्या कमीच खाते असेही नाही. याबाबत निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि नाही खात म्हणून सोडून देण्यासारखी आपली स्थितीही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ७९.७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हेच प्रमाण ६८.९ टक्के होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. याची कारणे अनेक आहेत आणि एकट्या पालेभाजीने रक्तक्षय जाणार नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या ज्या गोळ्या दर आठवड्याला मुलांना द्यायच्या असतात, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळ्या, त्या बुडवू नयेत अशी पालकांना विनंती आहे. पण डाळी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि वर लिंबू, हे ताट रोजचे हवे. त्यातला नेमका हिरवा भागच मुले बाजूला सारतात.

मग सक्ती का नको? कारण ती उलटी पडते. २००६ साली अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर एक साधा प्रयोग झाला. मुलांना सूप दिले. काहींना "सूप संपवा, सूप संपवा" असे पुन्हा पुन्हा सांगितले, काहींना नुसतेच दिले. ज्यांना टोकले नाही ती मुले जास्त सूप प्यायली, आणि ज्यांना टोकले त्यांनी सुपाला जास्त नावे ठेवली. आपल्या त्या मुलीला कोबी पुढेमागे कदाचित आवडलीही असती. आता तिला कोबी म्हटले की रिकामा वर्ग आणि बाहेर खेळणाऱ्या मैत्रिणींचा आवाज आठवेल.

उपयोगी पडते ती गोष्ट कंटाळवाणी आहे. तोच पदार्थ, अगदी एक घास, पुन्हा पुन्हा, न रागावता. २००३ साली लंडनमध्ये दोन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांना न आवडणारी एक भाजी पालकांनी रोज थोडीशी चाखायला दिली, चौदा दिवस. मुलांना ती आवडू लागली आणि ती जास्त खाऊही लागली. आपण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच "याला चालत नाही" असा शिक्का मारतो आणि मग तो शिक्का पाहुण्यांसमोर, मुलासमोर, दहा वेळा उच्चारतो. आमच्याही घरांत हे घडले आहे. मूल ते ऐकत असते.

आपल्या आज्यांना जनुक ठाऊक नव्हते, पण जीभ ठाऊक होती. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवायचे, पिळून घ्यायचे, मग दाण्याचे कूट आणि चिंच घालायची. मिठाने कडूपणाची जाणीवच दबते, हे प्रयोगशाळेत १९९७ साली तपासून पाहिले गेले, आज्यांना ते आधीपासून माहीत होते. कोबीत हरभऱ्याची डाळ, मुळ्याच्या पाल्यात पीठ, मेथीत लसूण आणि तुरीची डाळ, हे सगळे त्याच हिशेबातले. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, हरभऱ्याची डाळ, जिरे, मीठ यांच्यासोबत वाटून चिमूटभर तोंडात टाकायची. त्या दिवशी मुले तोंड वाकडे करतात, हसतात आणि खातात. घास एवढासा असतो, घरातले सगळे तो खातात, आणि संपव म्हणून कोणी मागे लागत नाही.

याची सुरुवात तर जन्माच्याही आधी होते. मेनेला यांनीच २००१ साली दाखवले, की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आया गाजराचा रस पीत होत्या, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली खीर कमी कुरकुर करत खाल्ली. बाळंतिणीला शेपू आणि मेथी खाऊ घालणाऱ्या सासवांना हे वाचून बरे वाटेल. सुनांना वाटेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळींशी थोडे बोलायचे आहे. पुन्हा पुन्हा चाखायला द्या हे सांगणे सोपे आहे, पण प्रत्येक वेळी उरलेली भाजी टाकावी लागते. महिन्याच्या पगारात भाजीचे पैसे मोजून ठेवणाऱ्या घराला ते परवडत नाही. अमेरिकेतील बॉस्टन भागातल्या कुटुंबांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसले. तंगी असलेल्या घरातल्या आया मूल टाकणार नाही असेच विकत आणत, आणि ते बहुतेक वेळा गोड किंवा खारे असे. कडोदरा-पलसाण्याच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी करून येणाऱ्या वडिलांच्या घरात काय होत असेल याची कल्पना आपण करू शकतो. आणि हंगामात उसाच्या फडांजवळ जे पडाव पडतात, तिथल्या मुलांना तर आवडनिवड हा शब्दच लागू नाही. भाकरीबरोबर काही मिळते की नाही, एवढाच तिथला प्रश्न असतो. जनुकांवरचे हे सगळे बोलणे त्यांच्या ताटापाशी येऊन थांबते, याची आम्हांला जाणीव आहे.

पण म्हणूनच हा चाखण्याचा खर्च घरावर न टाकता शाळेने उचलावा असे आम्हांला वाटते. आठवड्यातून दोन दिवस प्रत्येक प्राथमिक वर्गात एकच भाजीचे पातेले यावे. एक भाजी किमान सहा आठवडे तीच राहावी, म्हणजे बारा वेळा चाखून होईल. प्रत्येकाला एक चमचा. बाईंनी आणि सरांनी मुलांसमोर बसून खावी. ज्याला नको त्याने "आज नको" म्हणावे, आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा विचारावे. बक्षीस म्हणून चॉकलेट नको, द्यायचेच तर वहीवर चांदणी द्यावी. स्वयंपाकाचे काम पालकांतल्या भगिनी आळीपाळीने करायला तयार आहेत, असे काहींनी आमच्याकडे बोलून दाखवले आहे. प्रश्न भाजी, तेल आणि गॅसच्या खर्चाचा आहे. तो वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमी येईल असा आमचा अंदाज आहे. हिशेब मांडून देण्याची आमची तयारी आहे.

त्याबरोबर डब्याच्या नियमातला "संपवल्याशिवाय बाहेर जायचे नाही" हा भाग काढून टाकावा. उरलेला डबा घरी परत जाऊ द्यावा. आईला कळेल तरी, काय उरले ते. एखादे मूल फारच मोजके पदार्थ खात असेल, वजन घटत असेल, घशाशी येऊन ओकारी काढत असेल, तर वर्गशिक्षकांनी पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जायला सांगावे. हे काम दटावणीचे नाही.

पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी विश्वस्तांची बैठक आहे. वरील दोन्ही मुद्दे आम्ही मुख्याध्यापिका बाईंकडे लेखी दिले आहेत. ज्या पालकांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनीही बैठकीआधी आपले मत कार्यालयात द्यावे. पातेल्यात पहिली भाजी कोणती असावी हेही कळवावे. आमच्यातल्या एकाने कोबी सुचवली आहे.